निरुपयोगी गणिताचा कैवार

शाळेंत पालकांची सभा भरली म्हणजे एक प्रश्न हटकून विचारला जातो, आणि तो बहुधा अगदीं मागच्या बांकावरून येतो : “गुरुजी, पोरगा वहींत हें जें काय लिहितो, त्याचा उपयोग काय?”

हा प्रश्न विचारणाऱ्यास हंसण्याची आमची प्राज्ञा नाहीं. शहापूर व मुरबाड या तालुक्यांतील जो गृहस्थ भाताच्या एका पिकावर वर्ष काढतो, आणि पावसाळा सरला कीं गवत कापावयास किंवा वीटभट्टीवर जातो, त्यानें घरांतील कामाचे दोन हात काढून शाळेस दिलेले असतात. त्यांचा हिशेब मागण्याचा त्यास पूर्ण अधिकार आहे. तानसेच्या परिसरांत तर ‘उपयोग’ या शब्दास विशेष धार आहे. १८९२ सालीं पुऱ्या झालेल्या धरणाचें पाणी नळांतून मुंबईस जातें, आणि तालुक्यांतील कित्येक पाड्यांवर चैत्र-वैशाखांत बायका डोईवर हंडे घेऊन पाणी शोधीत फिरतात. उपयोगाची वस्तु ज्याच्या दारीं असते त्याच्याच उपयोगी पडते असें नाहीं, हें येथील मुलास पुस्तकांतून शिकावें लागत नाहीं.

तथापि या लेखांत आम्ही जिचा कैवार घेणार आहों, ती विद्या बाजाराच्या दृष्टीनें अगदीं निरुपयोगी आहे, हें आरंभींच कबूल करितों. ती विद्या म्हणजे विभाजकांची बेरीज.

कोणतीही संख्या घ्यावी. तिला ज्या ज्या संख्यांनीं नि:शेष भाग जातो त्या सर्व, एकापासून तहत तिच्यापर्यंत, लिहून काढाव्या व त्यांची बेरीज करावी. १२ चे विभाजक १, २, ३, ४, ६ व १२. त्यांची बेरीज २८. १० चे विभाजक १, २, ५ व १०; बेरीज १८. ७ चे विभाजक केवळ १ व ७; बेरीज ८. याप्रमाणें एकापासून क्रमानें बेरजा लिहीत गेलें असतां १, ३, ४, ७, ६, १२, ८, १५, १३, १८, १२, २८ अशी ओळ तयार होते. अशा ओळीस गणितांत क्रमिका म्हणतात. एकाच नियमानें चालणारी ही क्रमिका कशा उड्या मारते पाहा : ११ पुढें १२, आणि लगेच १२ पुढें २८!

आतां दुसरी पायरी. मूळची संख्या आणि तिच्या विभाजकांची बेरीज शेजारीं शेजारीं मांडून त्या दोहोंचा महत्तम साधारण विभाजक, म्हणजे आपला नेहमींचा मसावि, काढावा. १२ व २८ यांचा मसावि ४. १० व १८ यांचा २. ७ व ८ यांचा १. या मसाविंची क्रमिका एकापासून बारापर्यंत अशी होते : १, १, १, १, १, ६, १, १, १, २, १, ४. भागाकार, बेरीज व मसावि यांपलीकडे येथें कशाचीही गरज लागत नाहीं; आणि या तीनही गोष्टी सहावी-सातवीच्या मुलास येतात, निदान याव्या अशी अपेक्षा असते.

या ओळींत ६ पाशीं दृष्टि थबकते. ६ च्या विभाजकांची बेरीज १२, म्हणजे बरोबर दुप्पट. म्हणून मसावि खुद्द ६. स्वतः ६ वगळून उरलेले विभाजक १, २ व ३ यांची बेरीज केली तर पुन्हां ६ च येतात. अशा संख्येस प्राचीन ग्रीक लोक परिपूर्ण संख्या म्हणत. तिच्या पुढची परिपूर्ण संख्या २८, नंतर ४९६, आणि चौथी ८१२८. संत ऑगस्टीन यानें आपल्या ‘देवाचें नगर’ या ग्रंथांत असें प्रतिपादन केलें आहे कीं, परमेश्वरानें सहा दिवसांत सृष्टि पूर्ण केली ती सहा ही संख्या परिपूर्ण आहे म्हणून. धर्मोपदेशांत संख्येचा असा आधार घ्यावा कीं नाहीं याविषयीं मतभेद होईल. परंतु एवढा थोर पुरुष सहाच्या विभाजकांची बेरीज करीत बसला होता, ही गोष्ट विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

आतां एक गोष्ट सांगणें प्राप्त आहे, आणि ती सांगण्यास आम्हांस संकोच वाटतो. कांहीं वर्षांपूर्वीं तानसेच्या बाजूच्या एका पाड्यावरून येणारी एक मुलगी आमच्या वर्गांत होती. मसाविचीं उदाहरणें चाललीं असतां तिनें वहीच्या मागल्या पानांवर आपल्याच मनानें वरील दोन्ही क्रमिका मांडिल्या. तिनें पाहिलें कीं, मूळ संख्येपुढें नेहमीं १ येतो. तें बरोबरच होतें. कारण मूळ संख्येस एक आणि ती स्वतः एवढेच विभाजक, म्हणून बेरीज तिच्याहून एकानें जास्त, आणि लागोपाठच्या दोन संख्यांत एकावांचून दुसरा साधारण विभाजक असूं शकत नाहीं. मग तिला वाटलें, १ आला म्हणजे संख्या मूळ असलीच पाहिजे. परंतु ४, ८ व ९ यांच्यापुढेंही १ आला. तेव्हां तिनें आपला तर्क सुधारला : एक तर मूळ संख्या, नाहीं तर एकाच मूळ संख्येस तिनेंच पुन्हां पुन्हां गुणून झालेली संख्या. हा तर्क २० पर्यंत टिकला. २१ पाशीं तो मोडला. २१ म्हणजे ३ गुणिले ७. विभाजकांची बेरीज ३२. आणि २१ व ३२ यांचा मसावि १. मुलगी वही घेऊन आमच्या टेबलाशीं आली व म्हणाली, “पंधराला तीन येतात, मग एकवीसला एकच कां?”

आमच्या हातीं तासाचीं दहा मिनिटें उरलीं होतीं आणि प्रकरण अर्धें शिकवावयाचें राहिलें होतें. आम्हीं म्हटलें, “अगं, हें परीक्षेंत येत नाहीं. पुढचें उदाहरण कर.” तिनें वही मिटली. दिवाळीनंतर तिचें कुटुंब वीटभट्टीवर गेलें, आणि ती पुन्हां शाळेंत आली नाहीं.

आम्हीं उत्तर दिलें असतें तर ती शाळेंत राहिली असती, असें खोटें आम्ही बोलणार नाहीं. पोटाची निकड संख्येच्या गोडीनें भागत नाहीं. परंतु जें देणें आमच्या हातीं होतें तें आम्हीं दिलें नाहीं, एवढें खरें. आणि ‘उपयोग काय’ हा प्रश्न त्या दिवशीं पालकानें नव्हे, शिक्षकानें विचारला होता.

तिचें उत्तर आतां येथें देतों. न जाणो, तें कोणा भावंडाच्या हातून तिच्यापर्यंत पोंचेल. १५ म्हणजे ३ गुणिले ५. तिचे विभाजक १, ३, ५ व १५. (१ + ३) आणि (१ + ५) या दोन कंसांचा गुणाकार केला म्हणजे हे चारही विभाजक आपोआप बाहेर पडतात. म्हणून बेरीज ४ गुणिले ६, अर्थात् २४. आतां १५ च्या पोटांत ३ व ५ यांवांचून दुसरी मूळ संख्या नाहीं. ५ नें ४ लाही भाग जात नाहीं व ६ लाही जात नाहीं. परंतु ३ नें ६ ला जातो. म्हणून मसावि ३. २१ ची बेरीज (१ + ३) गुणिले (१ + ७), म्हणजे ४ गुणिले ८. येथें ३ नें ना ४ ला भाग जात, ना ८ ला. ७ नेंही कोणास जात नाहीं. म्हणून मसावि १. सारांश, ३ पेक्षां मोठी कोणतीही मूळ संख्या घेऊन तिला ३ नें गुणिलें, तर त्या मूळ संख्येंत १ मिळवून आलेल्या संख्येस ३ नें भाग जातो कीं नाहीं, एवढेंच पाहावें. ५, ११, १७ व २३ यांत एक मिळविला तर भाग जातो. म्हणून १५, ३३, ५१ व ६९ यांच्यापुढें ३ येतात. ७, १३ व १९ यांत एक मिळवून भाग जात नाहीं. म्हणून २१, ३९ व ५७ यांच्यापुढें १ येतो. ३ च्या ऐवजीं ५ नें गुणिलें तर काय होईल, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं स्वतः पाटीवर करून पाहावें. आम्ही तें येथें सांगत नाहीं.

हें उत्तर पांच मिनिटांचें होतें. परंतु तिनें आणखी दोन पावलें टाकिलीं असतीं, तर ती अशा ठिकाणीं पोंचली असती कीं जेथें उत्तर देण्यास आम्हीच काय, पृथ्वीवरील कोणीही गणिती समर्थ नाहीं. या विषयाची ही मोठी मौज आहे. पदार्थविज्ञानांत अज्ञात प्रदेशाच्या सीमेवर जावयाचें तर मोठालीं यंत्रें व वर्षानुवर्षांचा अभ्यास लागतो. येथें ती सीमा प्राथमिक शाळेच्या कुंपणाला लागून आहे.

परिपूर्ण संख्यांचेंच घ्या. सम परिपूर्ण संख्या कशा घडवाव्या याची रीति युक्लिडानें सुमारें तेवीसशें वर्षांपूर्वीं सांगितली, आणि सम परिपूर्ण संख्या तेवढ्याच, दुसऱ्या नाहींत, हें अठराव्या शतकांत ऑयलर यानें सिद्ध केलें. ऑक्टोबर २०२४ मध्यें सांपडलेली धरून अशा ५२ संख्या ठाऊक झाल्या आहेत. परंतु एखादी विषम परिपूर्ण संख्या आहे काय? कोणासही ठाऊक नाहीं. असलीच तर ती एकावर पंधराशें शून्यें दिली असतां होणाऱ्या संख्येहून मोठी असली पाहिजे, एवढें २०१२ सालीं सिद्ध झालें आहे. ती नाहींच असें कोणास सिद्ध करतां आलेलें नाहीं.

दुसरें उदाहरण मित्रसंख्यांचें. २२० ही स्वतः सोडून तिचे बाकीचे विभाजक मिळविले तर २८४ होतात. आणि २८४ चे तसेच मिळविले तर १ + २ + ४ + ७१ + १४२, म्हणजे फिरून २२०. उत्पत्तीच्या बत्तिसाव्या अध्यायांत याकोब आपल्या रुसलेल्या भावास, एसावास, भेट पाठवितो. तींत शेळ्या २०० व बोकड २०, मेंढ्या २०० व मेंढे २० आहेत. कांहीं जुन्या भाष्यकारांनीं या २२० मध्यें मैत्रीचा संकेत पाहिला. तो खरा असो वा नसो, भावाभावांच्या समेटास याहून शोभणारी संख्या मिळाली नसती. अशा जोड्या ऑयलरनें डझनांनीं शोधून काढिल्या. आणि तरीही ११८४ व १२१० ही लहानशी जोडी त्याच्या व इतर सर्व पंडितांच्या नजरेंतून निसटली. ती १८६६ सालीं निकोलो पागानिनी नांवाच्या एका सोळा वर्षांच्या इटालियन मुलास सांपडली. मॅट्रिकच्या वयाच्या आमच्या वाचकांनीं हें वय नीट पाहावें. आणि येथेंही मसाविचा प्रश्न उभा आहेच. २२० व २८४ यांचा मसावि ४, ११८४ व १२१० यांचा २. ज्या दोहोंचा मसावि १ आहे, अशी मित्रसंख्यांची जोडी आजवर कोणास सांपडलेली नाहीं. आणि तशी जोडी असूंच शकत नाहीं, हेंही कोणी सिद्ध केलेलें नाहीं.

तिसरें. एखादी संख्या घेऊन, ती स्वतः वगळून, तिच्या विभाजकांची बेरीज करा. आलेल्या बेरजेचें पुन्हां तसेंच करा. १२ पासून निघालें तर १६, १५, ९, ४, ३, १ असा सुखरूप शेवट होतो. २७६ पासून निघालें तर ३९६, ६९६, ११०४, १८७२ अशी चढण लागते. आजच्या संगणकांनीं ही वाट फार दूरवर चालून पाहिली आहे. तिचा शेवट कोठें आहे, किंवा आहे कीं नाहीं, हें ठाऊक नाहीं. २७६! जत्रेंतल्या दुकानाच्या बिलावर दिसावी एवढी लहान संख्या.

“हें सर्व विलायतेच्या विद्वानांचें काम, आमच्या पोरांचा त्यांत काय पाड?” असें कोणी म्हणेल. त्यांस आम्ही आपल्याच रेल्वेच्या रुळांकडे पाहावयास सांगतों. आसनगांवाहून खालीं गेलें तर कल्याणापलीकडे डोंबिवली लागतें. वर कसाऱ्याचा घाट चढून गेलें तर इगतपुरीच्या पुढें, नाशिकच्या अलीकडे, देवळाली लागतें. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजीं डहाणू येथें झाला. डहाणू त्या वेळीं आपल्याच ठाणें जिल्ह्यांत होतें. २०१४ पासून तें पालघर जिल्ह्यांत आहे. शालेय शिक्षण ठाण्यास व पुढचें पुण्यास फर्ग्युसन कॉलेजांत घेऊन ते १९२९ सालीं पदवीधर झाले, आणि १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीस शाळामास्तर होते. त्यांना पदव्युत्तर शिक्षण मिळालें नव्हतें. डोंबिवलीच्या स्टेशनावर सुचलेल्या कांहीं संख्यांस त्यांनीं त्या स्टेशनावरून ‘डेम्लो संख्या’ असें नांव दिलें. १११ ला १११ नें गुणून येणारी १२३२१ ही त्यांपैकींच. चार अंकी संख्येचे अंक उतरत्या व चढत्या क्रमानें मांडून वजाबाकी करीत गेलें कीं शेवटीं ६१७४ येतात, हा त्यांचा शोध १९४९ सालचा. सर्व अंक सारखेच असले तर मात्र तें साधत नाहीं. आपल्या अंकांच्या बेरजेनें जिला नि:शेष भाग जातो तिला त्यांनीं ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणारी, असें नांव ठेविलें. २ व १ मिळून ३, आणि २१ ला ३ नें भाग जातो. म्हणजे आमच्या त्या मुलीची २१ हर्षदच होती. देशांतील पुष्कळ विद्वानांनीं कापरेकरांचें काम क्षुल्लक मानिलें. मार्च १९७५ मध्यें अमेरिकेच्या ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकांत मार्टिन गार्डनर यांनीं त्यांच्याविषयीं लिहिलें, तेव्हां त्यांचें नांव जगभर झालें. १९८६ सालीं ते निवर्तले.

त्या विद्वानांचा आक्षेप अगदींच निराधार होता, असें आम्ही म्हणत नाहीं. आपण दहाच्या पद्धतीनें अंक लिहितों म्हणून हर्षद संख्यांची यादी ही अशी आहे. मनुष्यास आठच बोटें असतीं तर ती निराळी झाली असती. विभाजकांची बेरीज मात्र लेखनावर अवलंबून नाहीं. २८ चिंचोके कोणत्याही लिपींत मोजा, ते परिपूर्णच राहतात. म्हणून मुलांनीं आरंभ कापरेकरांच्या खेळांनीं करावा, आणि तेथून विभाजकांकडे वळावें, असा आमचा अभिप्राय आहे. परंतु आरंभ तर झाला पाहिजे. आणि तो एका शाळामास्तरानें, पगाराच्या दिवसाची वाट पाहत पाहत, कागद व पेन्सिल एवढ्या भांडवलावर करून दाखविला, हें विसरतां येत नाहीं.

आतां आक्षेपांकडे वळूं. पहिला आक्षेप असा कीं, मुलांस साधा भागाकार येत नाहीं, आणि तुम्ही त्यांस क्रमिका शिकवावयास निघालां. आमचा अनुभव उलट आहे. शंभर भागाकार घरीं करून आणा असें सांगितलें तर वर्गांतील अर्धीं मुलें दुसऱ्याची वही उतरतात. साठपर्यंतच्या संख्यांचे सर्व विभाजक काढा व बेरजा मांडा, असें म्हटलें तर शंभरांहून अधिक भागाकार होतात, आणि पुढची बेरीज काय येते या उत्सुकतेनें मुलें ते आपण होऊन करितात. चूक झाली तर ती शेजाऱ्याच्या ओळीशीं ताडून सांपडते. मास्तरांच्या तांबड्या शाईची वाट पाहावी लागत नाहीं.

दुसरा आक्षेप संगणकाचा. यंत्र एका क्षणांत हजारों बेरजा करून देईल. मग हातानें कां कराव्या? यंत्र ओळ देईल हें खरें. परंतु १५ आणि २१ यांत फरक कां, असा प्रश्न पडण्यासाठीं ती ओळ कोणाच्या तरी डोळ्यांखालून सावकाश जावी लागते. नील स्लोन यांनीं १९६४ सालीं, विद्यार्थिदशेंत, अशा क्रमिका टिपून ठेवण्यास आरंभ केला. त्यांचा कोश आतां साडेतीन लाखांहून अधिक क्रमिकांचा झाला असून तो संगणकावर कोणासही फुकट पाहतां येतो, आणि कोणीही आपली नवी क्रमिका तेथें पाठवूं शकतो. त्या मुलीच्या वहींतील दोन्ही क्रमिका त्या कोशांत आहेत. म्हणजे जगांतील गणिती ज्यांस नोंद करण्यायोग्य मानितात, त्याच गोष्टीस आम्हीं ‘परीक्षेंत येत नाहीं’ म्हणून बाजूस सारिलें होतें.

तिसरा आक्षेप पालकांचा, म्हणजे उपयोगाचाच. त्यास एक सोपें उत्तर देतां येईल. आपल्या आजोबांच्या रुपयाचे आणे १६ व पया १९२ होत. १९२ ला चौदा विभाजक आहेत, आणि १०० ला नऊच. १९५७ सालीं दशमान नाणीं येईपर्यंत बाजारांत पावकी-निमकी चालली ती या विभाजकांच्या बळावर. भास्कराचार्यांनीं ११५० च्या सुमारास लिहिलेल्या ‘लीलावतीं’त कुट्टकाच्या प्रकरणाचा आरंभच, संख्यांस साधारण विभाजकानें भागून लहान करावें, येथून होतो. आणि अगदीं अलीकडचें पाहावयाचें तर, १९७७ सालीं रिव्हेस्ट, शामिर व एडलमन या तिघांनीं मोठ्या मूळ संख्यांच्या गुणाकारावर गुप्तलेखनाची एक रीति बसविली. तिची किल्ली घडवितांना दोन संख्यांचा मसावि १ आहे ना, हें तपासावें लागतें; आणि मोबाइलवरून पैसे पाठवितांना चोरांपासून जें रक्षण होतें, त्यांत अशा रीतींचा मोठा वांटा आहे. उपयोग कधीं कधीं असा मागाहून चालत येतो.

परंतु या आधारावर आम्ही आपला पक्ष उभा करीत नाहीं. २७६ च्या वाटेचा उपयोग कदाचित् कधींच होणार नाहीं. आमचें म्हणणें निराळें आहे. ज्या मुलीनें आपला तर्क आपणच मांडिला, चारपाशीं तो चुकला हें आपणच पाहिलें, तो सुधारिला, आणि एकविसापाशीं तो मोडतांच लाज न धरतां ‘कां’ असें विचारलें, तिला एक संवय लागत होती. ती संवय अशी कीं, कोणी मोठ्यानें सांगितलें म्हणून नव्हे, तर ताडून पाहिलें म्हणून मानावयाचें. जी मुलगी ‘पंधराला तीन, मग एकवीसला एक कां’ असें विचारते, ती पुढें भट्टीवर ‘उचल एवढी, भरलेले दिवस एवढे, मग अंगावर बाकी एवढी कां’ असेंही विचारूं शकेल. पहिला ‘कां’ ज्या शाळेनें दाबला, त्या शाळेनें दुसऱ्याचीही वाट अडविली. पालकांनीं ज्याचा हिशेब मागावा तो उपयोग हा आहे. आणि तो परीक्षेच्या एकाही रकान्यांत भरला जात नाहीं.

म्हणून आमच्या सूचना थोड्या व बिनखर्चाच्या आहेत. पांचवीपासून पुढें प्रत्येक विद्यार्थ्यानें एक स्वतंत्र अंकवही ठेवावी. जुन्या वह्यांचीं कोरीं पानें शिवून केली तरी चालेल. तींत त्यानें आपली एक क्रमिका, तिच्याविषयीं आपला तर्क, आणि तो तर्क कोठें मोडला, हें लिहावें. पंधरवड्यांतून एक तास त्या वह्यांसाठीं राखावा, आणि त्या तासास शिक्षकानें ‘मला ठाऊक नाहीं’ असें म्हणण्यास संकोच करूं नये. चांगल्या रीतीनें तपासून चुकीच्या ठरलेल्या तर्कासही गुण द्यावे. आणि पालकांस आमची विनंति एवढीच कीं, मूल घरीं आलें म्हणजे ‘किती गुण पडले’ या प्रश्नाबरोबर ‘आज काय विचारलेंस’ हाही प्रश्न करावा. त्याला अक्षरओळखही लागत नाहीं.

शुभवर्तमानांतील त्या दासाची गोष्ट आम्ही दरवर्षीं मुलांस शिकवितों, ज्यानें धन्याचें द्रव्य भीतीनें जमिनींत पुरून ठेविलें. तो आपल्या वांट्यास आलेलें द्रव्य पुरीत होता. शिक्षकाचा धोका याहून मोठा आहे. तो दुसऱ्याच्या वांट्याचें पुरूं शकतो.

ती वही तपासणीसाठीं आलेल्या वह्यांत आमच्याकडेच राहिली, आणि आजही वर्गाच्या कपाटांत आहे. २१ पुढें तिनें शाईनें एक मोठें प्रश्नचिन्ह काढिलें आहे. या लेखाच्या निमित्तानें आम्हीं त्याखालीं उत्तर लिहिलें. ज्या विद्यार्थ्यास पाहावयाची असेल त्यानें मधल्या सुटींत यावें. वहीचीं पुष्कळ पानें अजून कोरीं आहेत.